तिसरा आवाज

कपडे धुण्याच्या यंत्राला स्वतःचा एक सूर असतो. नॅशव्हिलमध्ये माझ्या खोलीच्या खाली जी लाँड्री होती, तिथलं कोपऱ्यातलं यंत्र कपडे पिळायला लागलं की आमच्या गावच्या चर्चमधल्या एखाद्या जाड्या खर्जवाल्यासारखं घुमायचं.

त्या शनिवारी दुपारी त्या घुमण्यावर एक माणूस गुणगुणत होता. पाठमोरा. उंच, खांदे जरा पडलेले, सदऱ्याची कॉलर झिजलेली, पण बूट चकचकीत. म्हणजे गाणारा. नॅशव्हिलमध्ये ज्याचे बूट सदऱ्यापेक्षा बरे, तो गायला आलेला असतो. आणि ज्याचा सदरा बुटांपेक्षा बरा, तो गाणाऱ्यांच्या करारावर सह्या घेतो. माझा हा हिशेब सहसा चुकत नाही.

तो गुणगुणत होता आणि मी... मोज्यांच्या घड्या घालता घालता मी त्याच्या वरचा सूर लावला. मुद्दाम नाही हो! अलाबामात, सँड माउंटनवरच्या आमच्या घरात कुणी सूर काढला की दुसऱ्याने त्यावर आपला ठेवायचा, ही जेवणाआधी हात धुण्यासारखी सवय.

तो थांबला. मला थांबायला एक क्षण उशीर झाला – आणि रिकाम्या लाँड्रीत माझा आवाज एकटाच पकडला गेला.

"कोण आहे?" त्याने वळून विचारलं.

"कुणी नाही. यंत्र."

"यंत्राला लाल केस आहेत?"

"नव्या मॉडेलला असतात."

तो हसला. त्याचं हसू ओठांच्या एका टोकाला सुरू व्हायचं आणि दुसऱ्या टोकाला पोचायला चांगलाच वेळ घ्यायचं. तेवढ्या वेळात बाईमाणसाने नजर कुठे ठेवावी, हा प्रश्नच होता.

"पुन्हा गा ना," तो म्हणाला.

"आधी तुम्ही. मी आधी सुरू करत नाही."

"का बरं?"

"जोडीला गाणारी कधीच आधी सुरू करत नाही. पुढचा कुठे निघालाय ते बघायचं आणि त्याच्याबरोबर पोचायचं. घाई केली तर आगाऊपणा, उशीर केला तर नुसता प्रतिध्वनी."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला हरवलेली किल्लीच आणून दिली होती.

त्याचं नाव हॉलिस ट्रेडवे. केंटकीच्या कोळशाच्या डोंगरांतला. ते शहात्तर साल होतं, देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होणार म्हणून जो तो कामाला लागला होता. दुकानदारांनी कचऱ्याचे डबेसुद्धा लाल-पांढरे-निळे रंगवले होते. अशात हॉलिसने एका रेकॉर्ड कंपनीला गळ घातली होती – कंट्री गाण्यांचा एक अल्बम करू; पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एकच गोष्ट, या देशाची.

"दोनशे वर्षं?" मी म्हटलं. "आणि बसवणार कशात?"

"एका तबकडीत. दोन बाजू."

"अहो, मोठ्या माणसांची नावं घेण्यातच एक बाजू संपेल!"

"एकही मोठा माणूस नाहीये त्यात." त्याने ओला टॉवेल खांद्यावर टाकला आणि बोटांवर गाणी सांगायला लागला. जहाजावरचा आचारी. सैन्यासाठी तंबू शिवणारी विधवा. कालव्याच्या काठाने मालाची होडी ओढणारं खेचर. एक नावाडी. यादवी युद्धात दोन्हीकडच्या फौजांत एकेक मुलगा गेलेली आई. पहिल्यांदा मत द्यायला निघालेला, कालपर्यंत गुलाम असलेला म्हातारा. धुळीच्या वादळांत घरातली धूळ झाडून झाडून शेवटी दाराला कुलूप लावणारा शेतकरी...

यंत्र केव्हाच थांबलं होतं. माझ्या हातातला मोजा हातातच राहिला. शाळेत इतिहास म्हणजे वर्षं आणि लढाया. त्या दिवशी, साबणाच्या वासात, तो पहिल्यांदा चालत आला आणि समोरच्या बाकावर येऊन बसला.

"सोमवारी स्टुडिओत येशील?" हॉलिसने विचारलं. "मला वरच्या सुराचा आवाज हवाय."

"तुम्ही सगळ्याच लाल केसांच्या यंत्रांना विचारता का?"

"जी उत्तर देतात, त्यांनाच."

*

स्टुडिओ म्हणजे एक जुनं राहतं घर. दिवाणखान्यात वादक बसायचे, स्वयंपाकघरात काचेमागे मिस्टर मॅब्री. ते निर्माते. सदरा बुटांपेक्षा कितीतरी बरा. मनाने वाईट नव्हता हो माणूस, पण त्याच्या डोळ्यांत सतत चार जुलै, देशाचा स्वातंत्र्यदिन, टिकटिकत असायचा. त्याआधी तबकडी दुकानांत पोचायला हवी होती. उभा बेस, ते माणसाएवढं खर्जाचं तंतुवाद्य, वाजवायला डाल्टनकाका होते. सगळ्या नॅशव्हिलचे काका. वाजवत नसले की डुलक्या घ्यायचे, आणि डुलकीतही कोण बेसूर झालं ते सांगायचे.

तालमीत मी आणि हॉलिस समोरासमोर बसायचो. माझी ती अटच होती. आमच्याकडे चर्चमध्ये बाकं चौकोनात मांडतात, सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला. मला माणसाच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय गाता येत नाही. ओठ केव्हा मिटतात, श्वास केव्हा भरतो, शब्दाचं शेपूट कुठे कापतो – सगळं तिथे दिसतं.

"मिस आर्वेला," एकदा तो गाणं मध्येच थांबवून म्हणाला, "असं बघत राहिलीस तर मी ओळ विसरतो."

"तुमच्याकडे नाही बघत. तुमच्या ओठांकडे बघते. कामासाठी."

"आणि काम संपल्यावर?"

"काम संपल्यावर मी जेवायला जाते."

"मग जेवायलाच चल."

कोपऱ्यावरच्या खाणावळीत तळलेला मासा, घेवडा आणि मक्याचा पाव. गोड गार चहाच्या पेल्यांवर दव धरलेलं. तिथे तो 'तुम्ही'चा 'तू' झाला, नेमका कुठल्या घासाला ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की तो खाताना बोलत नव्हता, आणि तरी मी बघत होते. कामासाठी... असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला फसवणं फार सोपं असतं. गिऱ्हाईकही आपलंच, दुकानही आपलंच.

सगळ्यांत अवघड गाणं नावाड्याचं. सैनिकांनी घरांतून हुसकावलेल्या चेरोकी लोकांना, इथल्या मूळ रहिवाशांना, तो टेनेसी नदीच्या पलीकडे, पश्चिमेकडे पोचवतो. सबंध गाण्यात तो स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. फक्त एवढंच –

नाव भरून जाते, नाव रिकामी येते,
नदी मला विचारते, कुठे सोडलंस त्यांना?

"हे गाणं मला घाबरवतं," मी हॉलिसला म्हटलं.

"का?"

"मी फोर्ट पेनच्या गिरणीत मोजे विणायचे. त्या लोकांना आधी कोंडून ठेवलं तो किल्ला तिथलाच. गावाला नावच त्याचं. आम्ही लहानपणापासून ते नाव घेतो आणि पुढचं काही बोलत नाही."

त्याने पेल्यावरच्या दवात बोटाने एक रेघ ओढली. मग म्हणाला, "मग ते तूच गायला हवंस."

*

आणि नेमकं तेच मला गाता येईना.

तालीम संपून प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण सुरू झालं, तसं मिस्टर मॅब्रींनी मला वेगळ्या खोलीत कोंडलं. नवी पद्धत. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फितीवर, म्हणजे चूक झाली तर तेवढीच पुसता येते. कानांवर हेडफोन, समोर फळ्यांची भिंत. हॉलिसचा आवाज येत होता, पण हॉलिस नव्हता. प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर दोनदा उमटायचं – एकदा त्याचं, एकदा माझं, केसभर मागून.

दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्टर मॅब्रींनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं.

"पोरी, तुझा आवाज सोन्यासारखा आहे," ते म्हणाले. अशी सुरुवात झाली की पुढचं समजून घ्यायचं असतं. "पण माझ्याकडे वेळ नाही. उद्या सकाळी दुसरी गायिका येतेय. मोठं नाव आहे, कंपनीही खूश होईल. तुझ्या सगळ्या जागा ती भरेल."

मी हॉलिसकडे पाहिलं. ओठांकडेच. त्याने श्वास घेतला... आणि सोडला. एक शब्द नाही.

मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. अंगणातलं डॉगवूडचं झाड फुललं होतं, पांढऱ्या पाकळ्या कुणाच्याही दुःखाची पर्वा न करता पडत होत्या. रविवारची बस. सोमवारी गिरणी. मुकादम म्हणालाच होता, गाणंबिणं झालं की ये परत. आणि हॉलिस? तो तबकडीच्या पाकिटावर असेल. ते पाकीट मी दुकानाच्या काचेत बघेन. तिथे तरी बघायला कुणी अडवणार नाही.

दार वाजलं. तोच.

"तू गप्प का बसलास?" मी वळले नाही.

"मी तुझ्यासाठी बोललो असतो, तर... ते गाण्यासाठी बोलतोय असं कुणाला वाटलंच नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे डाल्टनकाका डुलकीतसुद्धा हसतात माझ्याकडे बघून. सगळ्यांना ठाऊक आहे, आर्वेला. तुलाच..." आणि तो पुन्हा अडला.

या माणसाने दोनशे वर्षांची गोष्ट तोंडपाठ केली होती, आणि स्वतःचं एक वाक्य त्याला पुरं करता येत नव्हतं! मला राग यायला हवा होता. आला नाही. मी झगा झटकून उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

"मिस्टर मॅब्री, एकदाच गाऊ द्या. फक्त नावाड्याचं गाणं. एकच माइक, मध्ये. मी एका बाजूला, हॉलिस दुसऱ्या बाजूला."

"एक चुकला तर दोघंही गेलात. मागून काही दुरुस्त होणार नाही."

"माहीत आहे."

"आणि जमलं नाही तर?"

"तर मी रडारड न करता बसमध्ये बसेन. तुमचा सकाळचा वेळ वाचेल."

मिस्टर मॅब्रींनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. वेळ वाचणार, एवढंच त्यांना पटलं असावं. कपाटातून एक जुना माइक निघाला, बिस्किटांच्या डब्याएवढा. डाल्टनकाकांनी डोळे उघडले. हे स्वतःच एक नवल होतं.

मी हॉलिसच्या समोर उभी राहिले. मध्ये फक्त तो माइक. त्याचे ओठ कोरडे पडले होते. त्याने श्वास घेतला, मीही घेतला, आणि नाव पाण्यात उतरली.

पहिलं कडवं गेलं. दुसरं. मला भिंती दिसेनाशा झाल्या; दिसत होती ती एक थंडगार रुंद नदी आणि तिच्या काठाशी निमूट उभी असलेली माणसं, पोरं कडेवर घेतलेली. नाव भरून जाते... त्याच्या ओठांची कडा जिथे थांबली, तिथेच माझीही थांबली. नाव रिकामी येते... आणि 'नदी मला विचारते' या ओळीवर, आमच्या दोघांच्या वर, छताच्याही जवळ कुठेतरी – आणखी कुणीतरी गायला लागलं.

बारीक. स्वच्छ. माझा नव्हता तो आवाज, हॉलिसचाही नव्हता. त्याचे डोळे विस्फारले. त्यालाही ऐकू येत होतं. माझ्या हातांवर काटा आला. थांबावंसं वाटलं आणि थांबायची छातीही होईना. त्या आवाजाने 'कुठे सोडलंस त्यांना' ही ओळ शेवटपर्यंत आमच्या डोक्यावर धरून ठेवली, आणि आम्ही श्वास सोडला तसा तो गेला.

मग काचेमागून मिस्टर मॅब्रींचा आवाज आला, पार उतरलेला. "आत तिसरं कोण आहे?"

"कुणी नाही," डाल्टनकाका म्हणाले. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली होती. "दोन आवाज खरेखुरे जुळले की तो आपणहून येतो. तारुण्यात एकदा ऐकला होता मी. म्हटलं, आता काही पुन्हा ऐकायला मिळत नाही."

मिस्टर मॅब्रींनी फीत मागे घेतली आणि लावली. होता तो. फितीवरही होता. त्यांनी ती पुन्हा लावली, आणि पुन्हा. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग फोन उचलला.

"उद्या त्रास घेऊ नका, मॅडम," ते फोनमध्ये म्हणाले. "जागा भरली."

*

मागच्या पायरीवर ऊन कलतं झालं होतं. हॉलिस माझ्या शेजारी बसला नाही, समोर बसला, खालच्या पायरीवर, तोंड माझ्याकडे करून. त्याच्या केसांत एक पाकळी अडकली होती.

"गाणं संपलंय, आर्वेला."

"दिसतंय मला."

"मग अजून बघतेस कुठे?"

मी नजर काढली नाही. त्याने श्वास घेतला. तो श्वास मला आता पाठ होता, शब्दाआधीचा. पण शब्द आला नाही. श्वास तसाच परत गेला. त्याने पुन्हा घेतला. ओठ जरासे उघडले, आणि मिटले... बिचारा! दोनशे वर्षं ओलांडून आला होता आणि उंबऱ्याशी अडखळत होता.

जोडीला गाणारी कधीच आधी सुरू करत नाही.

मी श्वास घेतला. हॉलिसने मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या ओठांकडे बघायला लागला – अगदी नीट, जीव डोळ्यांत आणून, एकही अक्षर चुकू नये म्हणून.

"माझं..." मी सुरू केलं.

पुढचं वाक्य आम्ही दोघांनी मिळून म्हटलं. आणि त्याचं शेवटचं अक्षर एकदाच ऐकू आलं.