‘अजून नाही’ कुणाचं?

दार उघडलं आणि आधी आत आली गिटारची पेटी, तिच्यामागून लांबच लांब पाय, आणि सगळ्यात शेवटी घामाघूम झालेला एक हसरा चेहरा.

“उशीर झाला, माफ करा हं! मी डॉयल प्रुइट. तुम्ही… तुम्ही म्हातारे कॅल्विन नाही आहात.”

“नाही बुवा,” विनी हॅचर म्हणाली. “आणि माझ्याबरोबर लिहायला येणार होती ती रीटा काही तू दिसत नाहीस.”

“दाढीवरून ओळखलंस वाटतं!”

विनीला हसू फुटलं.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये, या गाण्यांच्या गावात, गाणी अशीच जमतात. दोन अनोळखी माणसांना सकाळी एका खोलीत बसवायचं, कॉफी द्यायची आणि दुपारपर्यंत गाणं काढा म्हणायचं. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच म्हणा ना! फक्त इथे पाहुणाच चुकला होता. त्याची खोली शेजारची.

“रीटा काही येत नाही आता,” विनी म्हणाली. “आलाच आहेस तर बस.”

तो बसला. विनीचा हा पहिलाच अल्बम, आणि त्यातलं एकच गाणं अडून बसलं होतं. केंटकीच्या डोंगरातली एक मुलगी गाव सोडून निघते. बाप सामान गाडीत टाकतो, आई डबा देते, सगळे म्हणतात, जा बाई, मोठी हो. पण पुढे काय? परत परत यावी अशी ओळच सुचेना. डॉयल चांगला वाजवायचा, पण ओळ त्यालाही सापडेना. त्याचे डोळे मात्र गिटारच्या तारांवर कमी आणि विनीवर जास्त होते… हे तिला दिसत होतं, आणि आवडतही होतं.

शेवटी तिने कंटाळून गिटार पेटीत ठेवली. “चल, निघते मी.”

“अजून नाही…” तो पटकन म्हणाला.

विनी जागच्या जागी थांबली. “काय म्हणालास?”

“काही नाही गं, मी आपलं…”

“अरे, हेच! तिला सगळे जा म्हणतात, पण ‘अजून नाही’ असं म्हणणारं कुणी हवं की नको? हेच तर अडलं होतं!” तिने गिटार पुन्हा बाहेर ओढली, आणि जेवायच्या आत गाणं पुरं झालं. इतकं सुरेख, की गाताना तिच्याच अंगावर काटा आला.

त्यानंतर दोघं भेटत राहिली. गाण्यासाठी नव्हे, तिखटजाळ तळलेली कोंबडी खायला. डोळ्यांतून पाणी काढत तो म्हणायचा, “हे तिखटामुळे हं, तुझ्यामुळे नाही!” आणि ती म्हणायची, “मी रडवायची बाकीय अजून.” पण मनातलं काही दोघांच्याही ओठांवर येईना.

अल्बमला नाव त्याच गाण्याचं मिळालं. आणि तिथेच माशी शिंकली.

अल्बम काढणाऱ्या व्हर्नाबाईंना वेष्टनावर छापायचं होतं, ‘सगळी गाणी विनीची, एकटीची.’ आड येत होतं एकच नाव. त्यांनी डॉयलला सरळ विचारलं, तू यात काय लिहिलंस? तो म्हणाला, काहीच नाही. नाव काढा.

विनीला हे कळलं छपाईच्या दिवशी. ती तडक तो काम करायचा त्या गिटारदुरुस्तीच्या दुकानात घुसली.

“लाज वाटते का माझ्या गाण्याची?”

डॉयलच्या हातातली तार निसटली. “विनी, ऐक तरी…”

“काय ऐकू? इतकी वर्षं या गावात घासतोयस, एका गाण्यावर नाव नाही. तुझी आई दर रविवारी विचारते, छापून कधी येणार म्हणून. आणि आलं तर हा शहाणा म्हणतो, काढा! अरे, या गावाचा नियम आहे. खोलीत बसला तो गाण्यात बसला. एक शब्द दिला तरी अर्धं गाणं त्याचं.”

“गाण्याला दिला तर ना!”

“म्हणजे?”

त्याचे कान लालबुंद झाले. “मी तो शब्द गाण्याला दिलाच नव्हता. तू निघाली होतीस… आणि मला तू जायला नको होतीस. एवढंच. मी लिहीत नव्हतो विनी, मी तुला विनवत होतो. त्याच्यावर नाव कसं लावू? प्रेमात पडल्याची पावती छापून घेऊ?”

इतके दिवस विनी जी ओळ जीव ओतून गात होती, ती तिलाच म्हटलेली होती!

“येडा आहेस तू,” ती कशीबशी म्हणाली. “हे इतक्या दिवसांत सांगायला काय झालं होतं?”

“तू म्हणाली असतीस, गाण्यात वाटा मिळावा म्हणून गोड बोलतोय.”

“आणि नाव काढल्यावर काय म्हणेन असं वाटलं?”

“माहीत नाही… पण खोटं तरी वाटणार नाही.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. व्हर्नाबाई. विनीने फोन कानाला लावला, आणि मोकळ्या हाताने त्याचा हात घट्ट धरला.

“हॅलो, व्हर्नाबाई? दोन्ही नावं छापा… नाही, एकटीचं नाही म्हणजे नाही. नाहीतर ते गाणं अल्बममधून काढा… हो, नावासकट काढा. माझ्या आवाजासकट.”

मग बाईंचा वैतागलेला आवाज डॉयललाही ऐकू आला. “बरं बाई, छापते दोन्ही! पण एवढं सांग, केलं काय त्या पोराने त्या खोलीत?”

विनीने डॉयलकडे पाहिलं.

“माझ्यावर प्रेम केलं,” ती म्हणाली. “आणि मी त्याच्यावर. मग गाणं एकटीचं असं कसं छापू?”