ती एलिसा कोण लागून गेली!

ज्याच्या नावाने मी महिनाभर बोटं मोडत होते, तो मला वसईजवळच्या पापडी गावच्या बाजारात भेटला. तोही माझी वाट अडवून!

केळीवालीच्या पाटीसमोर उकिडवा बसून तो राजेळी केळ्याचे फोटो काढत होता. एकाच केळ्याचे! आधी उभं, मग आडवं, मग सोलून... मागे माझ्यासकट सगळ्या बायका खोळंबलेल्या.

"अहो, केळं आहे ते. नवरी नाही," मी म्हटलं.

तो वळून हसला. गालाला खळी पडली... पण ते मी तेव्हा पाहिलं नाही असंच समजा. "सॉरी हं. ब्लॉगसाठी हवेत. घरच्या घरी सुकेळी कशी करायची, त्यावर लिहिलंय मी."

माझ्या हातातली पिशवी खाली टेकली. "गास गावचे धवल... तुम्ही?"

"वाचता तुम्ही?" बिचाऱ्याचा चेहरा काय उजळला!

वाचते? अहो, रोज सकाळी दात घासायच्या आधी वाचत होते. कुणीही सर्चमध्ये 'घरची सुकेळी' टाकलं की सगळ्यात वर माझं पान यायचं. 'हेमांगीची वाडी.' आमची उन्हात वाळवलेली केळी, आमचं अंगण, माझे शब्द. दुबईला गेलेली वसईची माणसंसुद्धा ते वाचून मला लिहायची. मग हा कुठून तरी उपटला, आणि मी एका रात्रीत दुसरी!

"मी हेमांगी," मी म्हटलं. "दुसऱ्या नंबरवाली."

"अरे बापरे!" तो उठून उभाच राहिला. "तुमचं वाचूनच तर मी लिहायला लागलो. काय सुंदर लिहिता! फक्त..."

"फक्त काय?"

"रागावणार नाही ना? ती मे महिन्याची सुट्टी, अंगणातलं ऊन, केळ्यांवरचे कावळे हाकलणारी बाबांची शिट्टी... सगळं गोड आहे. पण वाचकाने केळी समोर ठेवलेली असतात हो. सोलायचं कसं हे कळेपर्यंत ती काळी पडतात."

केळीवाली फिसकन हसली. मी केळी न घेताच तरातरा निघाले.

घरी येऊन माझं पान उघडलं. मेला खरं बोलत होता! म्हणून तर जास्त झोंबलं.

सरळ रस्त्याने जमेना, तेव्हा मी वाकड्यात शिरले. नवा ईमेल काढला, नवं नाव घेतलं... एलिसा. राहणार मनवेलपाडा, चौथा मजला, अंगण नाही, नुसती गॅलरी. ही एलिसा धवलच्या पानाखाली असे अवघड प्रश्न विचारणार, की त्याची फजिती सगळ्या जगाने बघावी.

'थंडीत दव पडतं, तेव्हा सुकेळी आत कधी घ्यायची?' एलिसाने विचारलं.

मला वाटलं, हा थापा मारणार. तर उत्तर आलं, 'खरं सांगतो, मला माहीत नाही. काकूंना विचारून सांगतो.' दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलंही, आणि वर लेखातही घातलं. मग मी विचारलं, केळं एका बाजूने चिकट राहिलं तर काय करायचं? पठ्ठ्याने स्वतः करून पाहिलं, एक अख्खी खेप बिघडवली आणि बिघडलेल्या केळ्यांचे फोटोसुद्धा टाकले. लोकांना काय, तेच हवं होतं. त्याचं पान पहिल्या नंबरावर आणखी घट्ट बसलं. म्हणजे खतपाणी मीच घालत होते!

इकडे तो बाजारातल्या बोलण्याची माफी मागायला आमच्या वाडीत आला, आणि मग येतच राहिला. ओट्यावर बसून आम्ही माझा लेख दुरुस्त करायचो.

"बाबांची शिट्टी काढू नकोस," तो म्हणायचा. "फक्त खाली घे. आधी कृती दे, मग शिट्टी. मला आवडते ती."

लॅपटॉपवर एकाच ओळीवर दोघांची बोटं जायची, आणि दोघंही ती पटकन मागे घ्यायचो... फार पटकन नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. तो यायचा त्या दिवशी मी वेणी दोनदा घालायचे.

सगळं कसं छान चाललं होतं. पण मध्येच त्याची गाडी एलिसावर घसरायची.

"एलिसाने विचारलं नसतं तर मला सुचलंच नसतं."

"हो का?"

"काय बारीक नजर आहे तिची! कशी दिसत असेल गं?"

"जाडी असेल. जाड भिंगाचा चष्मा असेल."

"मला चष्मा आवडतो," तो म्हणाला.

अंगाची नुसती लाही झाली माझ्या! रात्री मी एलिसाचे प्रश्न काढून वाचले आणि तिचा राग राग केला. ती कोण लागून गेली! तिला ना वाडी, ना आई, ना वेणी... तरी तो तिच्याविषयी बोलतो आणि मी मान डोलावत ऐकते. माझीच मी सवत झाले होते.

सांगून टाकावं? ओठांवर यायचं... पण मग तो विचारणार, माझी फजिती करायला आली होतीस? आणि उठून जाईल. ओट्यावरची त्याची जागा रिकामी झालेली मला बघवली नसती. आवडत होता मला तो. भयंकर आवडत होता.

आणि एका सकाळी एलिसाला त्याचं आमंत्रण आलं. 'रविवारी गासला या, सुकेळी वाळताना बघायला.' मी उत्तरच दिलं नाही. संध्याकाळी तो मला म्हणाला, "एलिसाला बोलावलंय रविवारी. तूही ये ना."

गेले! न जाऊन सांगते कुणाला?

अंगणात मांडवावर सुकेळी सोन्यासारखी वाळत होती. खुर्चीवर धुतलेली चादर, टेबलावर मोगरा, बशीत नारळाच्या वड्या. आणि धवल इस्त्रीचा आकाशी शर्ट घालून उभा! आमच्याकडे येताना याच्या पँटला कायम चिखल असायचा.

"सकाळपासून तीनदा अंगण झाडलंय याने," त्याच्या वसुंधराकाकू म्हणाल्या आणि हसत आत गेल्या.

तो सारखा फाटकाकडे बघत होता. "आली नाही अजून..."

"येणार नाही ती!" मी म्हटलं.

"का?"

"लग्न ठरलंय तिचं."

"अगं बाई! कुणाशी?"

"...पॉलशी."

"पॉल काय करतो?" त्याचे ओठ थरथरत होते.

"मला काय माहीत काय करतो!" माझे डोळे भरून आले. "नाहीच आहे ती, धवल. एलिसा म्हणून कुणी नाही. मीच आहे. तुला खाली ओढायला मी तिला... आता म्हण मला, चालती हो."

तो वळून आत गेला. मी पदराने... म्हणजे ओढणीने डोळे पुसले आणि गाडीची किल्ली शोधायला लागले. तेवढ्यात तो ट्रे घेऊन बाहेर आला. ट्रेमध्ये दोनच कप होते.

"दोनच?" मी विचारलं.

"दोघंच तर आहोत."

मी बघतच राहिले. "तुला... माहीत होतं?"

"चिकट केळ्यापासून. चौथ्या मजल्यावरच्या बाईला दवाची काळजी कशाला? आणि सुकवल्याशिवाय केळं एका बाजूने चिकट राहतं हे कुणाला कळतं का? तसले प्रश्न ज्याला उत्तर येतं त्यालाच पडतात. आणि उत्तर येणारी, वर माझ्यावर चिडलेली तूच एक."

"आणि तरी इतके दिवस एलिसा, एलिसा..."

"तू जळतेस तेव्हा फार गोड दिसतेस."

मी एक वडी उचलून त्याला मारली. त्याने ती झेलून खाल्ली! मग त्याचं हसू मावळलं. "भीतीही होती गं. तिला खोटं पाडलं आणि तू यायची बंद झालीस तर?"

म्हणजे हाही माझ्यासारखाच घाबरत होता. माझ्या पोटातलं सगळं जळणं एकदम विझलं.

"ऐक," तो हळूच म्हणाला. "एकाच प्रश्नावर दोन पानं असली की ती एकमेकांचे वाचक खातात. अशा वेळी दोन्ही मिळून एक पान करतात. माझं पान तुझ्या पानात घालू या?"

"पहिला नंबर सोडशील?"

"नंबर कुणाला हवाय! मला तू हवीस, हेमांगी. नुसती ब्लॉगवर नाही... घरात."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. शेवटी म्हटलं, "आईला येऊन विचार."

"परवाच विचारलं. या वड्या त्यांनीच दिल्यात."

माझी आई! आणि मला एका शब्दाने बोलली नाही!

आता आमचं एकच पान आहे. वर कृती, खाली बाबांची शिट्टी, आणि शेवटी दोघांची नावं. परवा तिथे कुणा नेत्राने लिहिलं, 'धवल, किती छान समजावता तुम्ही! प्रत्यक्ष भेटता येईल का?'

मी लगेच उत्तर दिलं, 'अवश्य या, नेत्राताई. आम्ही दोघंही घरीच असतो. सौ. हेमांगी धवल.'

त्याने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, अजून साखरपुडा व्हायचाय!"

"असू दे," मी म्हटलं. "सर्चमध्ये वर यायला वेळ लागतो. आतापासून टाकलेलं बरं."