टीएमटीला लागणारा नातेवाईक

“टीएमटीला सोबत नातेवाईक लागतो. बाहेर पाटी लावलीये, ती वाचायलाच.” सदाशिव पेठेतल्या हार्ट क्लिनिकमधल्या बाईंनी मानही वर केली नाही.

“माझं इथे कोणी नाही हो,” आम्रपाली म्हणाली.

“मग आणा. टेस्टच्या पट्ट्यावर चालताना हृदयाला काही झालं, तर सही कोणाची?”

आता नातेवाईक आणायचा कुठून? नागपूरहून पुण्यात येऊन तिला दोन वर्षं झाली होती. आयटी कंपनीचा पगार चांगला होता. पण शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसची बस सोडली, की सोमवारपर्यंत तिला स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नसे. त्यात आठ दिवस छातीत डावीकडे कळ येत होती. बाबा अशाच दुखण्यानं गेले होते. ती पार घाबरून गेली होती.

“अहो... मी करू का सही?”

मागे एक उंच तरुण उभा होता. ऑगस्टच्या रिपरिपीत शर्ट भिजलेला, जिना चढून धाप लागलेली.

“आपली ओळख नाही,” ती म्हणाली.

“मी उत्तरेश्वर. बिबवेवाडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. झाली ओळख! मलाही नातेवाईक हवाय. तुम्ही माझ्यासाठी सही करा, मी तुमच्यासाठी... फिटंफाट.”

“नातं काय लिहू?” बाईंनी विचारलं.

“मामेभाऊ,” आम्रपाली पटकन म्हणाली.

“भाऊ नको!” तो घाईनं म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे... लांबचे नातेवाईक लिहा. फार लांबचे नको.”

कितीतरी दिवसांनी ती हसली. बाकावर बसल्या बसल्या त्यानं विचारलं, “काही खाल्लंय का सकाळपासून?” पुण्यात तिला हे कोणी विचारलं नव्हतं.

डॉक्टर मंदाकिनीबाईंनी आधी तिला तपासलं. “कुठे दुखतं, दाखव.” तिनं एक बोट ठेवलं. डॉक्टरांनी तिथे दाबताच ती कळवळली. मग तिला पट्ट्यावर चालवलं. “दाबून दुखतंय, पट्ट्यावर चालताना काही नाही. रिपोर्टही स्वच्छ. बरगडीच्या कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, सूज आहे, हृदय ठणठणीत.”

उत्तरेश्वरला तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्यानं छातीवर अख्खी मूठ ठेवली. जिना चढला की आवळल्यासारखं होतं, डावा हात भरून येतो, थांबलं की थांबतं. चार मिनिटांत डॉक्टरांनी पट्टा बंद केला.

“हे हृदयाचंच आहे. आजच ॲडमिट व्हा, उद्या अँजिओग्राफी.”

बाहेर येऊन तो हळूच म्हणाला, “तुम्ही जा आता. सहीपुरतंच ठरलं होतं.”

“घरी कळवलंत?”

“कळवायला कोणी असतं, तर तुम्हाला कशाला गाठलं असतं?”

तिचं काम झालं होतं. पायऱ्या उतरल्या की तिची खोली आणि दोन मुके दिवस. आणि इथे हा, एकतीस वर्षांचा, एकटाच शर्टाची बटणं लावणारा. चुकीच्या काजात लागलेलं बटण तिनं सोडवून नीट लावलं.

“भीती वाटतेय?”

“वाटतेय...”

“मलाही. म्हणून जात नाहीये.”

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. आई होती. “कुठे आहेस, बाळा?”

“दवाखान्यात... मला काही नाही झालं गं, आई.” तिनं शेजारी पाहिलं. “माझं माणूस आहे इथे.”

उत्तरेश्वरनं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले.