न सुजलेला हात

"औषधानं काय केलं ते मागाहून बघा. ते कुणाच्या पोटात गेलं, ते आधी विचारा."

कॉलेजात शिकवणाऱ्या दामले सरांना जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी सहीसाठी समोर ठेवलेला कागद पाहताना डॉ. हेमांगी रेगेला त्यांचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. कागदावर एकच वाक्य होतं: शमनाम्ल निर्धोक आहे. खाली तिची सही झाली, की सोमवारपासून साऱ्या किनारपट्टीवर सांधेदुखीवरच्या या गोळ्या वाटल्या जाणार होत्या. आणि वेळशेत बंदरावरची मासळीवाली यमुनाबाय कालच गेली होती.

"ही चौथी," हेमांगी म्हणाली. "सांधे दुखतात म्हणून आपल्याकडे आलेल्या साठ बायकांपैकी. पाच महिन्यांत."

सागरी प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. गोगटे खुर्चीत रेलले. वाईट त्यांनाही वाटत होतं म्हणे, पण हळहळ काही पुराव्यात धरता येत नाही.

हेमांगी अगदी हळू बोलू लागली, कारण आवाज एकदा चढला असता तर आज तो उतरला नसता. शिंपल्यातल्या कालवांच्या अंगातलं मेदाम्ल आपल्या पेशींच्या पटलात जाऊन बसतं. सूज आली, की शरीर त्याच मेदाम्लापासून ती विझवणारे रेणू घडवतं. कालवं खाऊन मिळतं ते बेताचं असतं, झिजूनही जातं. प्रयोगशाळेनं त्यात असा बदल केला होता, की एकदा बसलं की तीन वर्षं ते हलत नाही. तेच हे शमनाम्ल. सूज पेटण्याआधीच विझते.

"पण सूज ही शरीरानं मारलेली हाक आहे, सर. यमुनाबायला शिंगाळा माशाचा काटा लागला. हात ना सुजला, ना तापला. बंदरावरची रीत अशी, की हात सुजल्याशिवाय पाटी सोडायची नाही. चार दिवस ती मासे विकत राहिली. रक्तात जंतू माजले होते."

"मनगटात ज्वरकंकण होतं ना? ते वाजलं?"

"ते ताप आणि सूज मोजतं. आपलं औषध नेमकं तेवढंच पुसून टाकतं. घंटा आपणच काढून ठेवली, आणि घंटा वाजली नाही म्हणून आग नाही, असं लिहून द्यायला मला सांगताय."

गोगट्यांनी तक्ता पुढे सरकवला. तीस जणींना शमनाम्ल, तीस जणींना तशीच दिसणारी कोरी गोळी. मृत्यू तिकडे दोन, इकडे दोन.

"कोऱ्या गोळीनं कशी मेली माणसं? उपास जरा कमी करा, हेमांगीबाई. रिकाम्या पोटी डोकं चालत नाही."

गोळ्या कुणाच्या पोटात गेल्या, ते विचारायला ती तडक बंदरावर गेली.

मासळीवाल्यांमधली सगळ्यांत जुनी चांगुणाबाय कोलंबी सोलत बसली होती. गोळ्या कुणी घेतल्या, असं हेमांगीनं विचारलं. मान खाली ठेवूनच तिनं सांगितलं. पहिल्या महिन्यातच निम्म्या बायका चटचट उठूबसू लागल्या, निम्म्या कण्हतच राहिल्या. ते कुणाला बघवेना. उरल्या मासळीचे घरागणिक सारखे वाटे घालतात, तसे दर सोमवारी सगळ्यांच्या गोळ्या एका टोपलीत ओतून वाटे घातले.

"साठ वाटे?"

"साठ कशाला? होडीवरच्या बाप्यांचे गुडघे काय लोखंडाचे हायेत? त्यांनाबी वाटा. माहेरपणाला आलेल्या पोरींनाबी." चांगुणाबायनं आता वर पाहिलं. "तुमची मानसं रोज इचारत, गोळी घेतली का? घेतली म्हणून सांगितलं. कोनाची घेतली, ते कवा इचारलंच नाय."

दोन नि दोन. मरण सारखं आलं होतं, कारण औषध सारखं वाटलं होतं. हेमांगीला पहिला राग स्वतःचा आला. प्रश्नावली तिनंच लिहिली होती.

तिनं काही न लपवता सगळं सांगितलं. चांगुणाबायचे हात थांबले.

"मंग आता काटा लागला, तर कलायचं कसं?"

"रक्त तपासून. आज संध्याकाळी होड्या सुटायच्या आत मी येते. ज्यानं ज्यानं वाटा घेतला, त्या प्रत्येकाला भेटते."

प्रयोगशाळेत परतून तिनं हे सांगितलं, तेव्हा गोगटे हादरतील असं तिला वाटलं होतं. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे गट मिसळले. मग प्रयोगच बाद! औषध वाईट, हेही सिद्ध होत नाही. दुसऱ्या बंदरावर नव्यानं करू. या खेपेला गोळी डोळ्यांदेखत गिळायला लावू."

"आणि इथली माणसं?"

"कुठली माणसं? प्रयोगच झाला नाही, तर त्यात माणसं कुठून येणार?"

हेमांगीच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. निदान तिचं अंग अजून हाक मारत होतं.

"सही मी करणार नाही," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या बंदरावर तुमच्या आधी मी पोचेन."

गोगटे मागून काहीतरी बोलत राहिले. तिनं कपाट उघडलं, रक्त काढायच्या नळ्या न मोजता मिळतील तेवढ्या पिशवीत भरल्या, आणि चपला सरकवून धक्क्याच्या वाटेला लागली.