तृप्तिलहर क्रमांक सदतीस

स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा. रिकामा. पोळीने पुसून घेतल्यासारखा लख्ख.

गौरांगी हत्तुरेच्या मानेवर काळसर पट्टा होता. तो मळ समजून तिच्या आईने दोन वर्षं डाळीच्या पिठाने घासला. तो मळ नव्हता. शरीर इन्शुलिनला जुमानेनासं झालं की कातडी तशी काळवंडते.

ज्या अकरा मुलांना वडिलांची लहर दिली, त्या अकराही जणांचं वजन वाढलं.

त्रेसष्ट जेवणं. त्यांतल्या एकेचाळीस वेळा बटण पहिल्या घासाआधीच दाबलेलं.

बारा वाजून चाळीस मिनिटं. सोलापूरच्या एका शाळेत, मधल्या सुट्टीत, आठवीतली मुलगी बाकावरून घसरली. आवाज फारसा झाला नाही.

*

"साखर अठ्ठावन्न," डॉ. इरफान बागवान म्हणाले. "चार महिन्यांपूर्वी हीच पोरगी तीनशेच्या खाली येत नव्हती. अभिनंदन करू का शिव्या देऊ, ते सांगा."

डॉ. उल्का दामलेने पडद्यावरून नजर काढली नाही. प्रयोगशाळेच्या पलीकडच्या खोलीत गौरांगी सलाईन लावून झोपली होती. वय तेरा, वजन चौऱ्याऐंशीवरून एकोणपन्नास. चार महिन्यांत पस्तीस किलो. पहिले पंधरा गेले तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. पुढचे वीस कोणी मोजायला हवे होते, हा प्रश्न उल्काने स्वतःला मघापासून तीनदा विचारला होता. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायला हवं, एवढं कळत होतं.

"आज काही खाल्लं होतं तिने?" तिने विचारलं.

"डबा रिकामा आहे. पण शर्करामापीची रेघ बघा, सरळ. रात्रीपासून पोटात घास नाही. मैत्रिणी म्हणतात, गौरी रोज सगळ्यांना वाढते, फार चांगली आहे. तुमचं यंत्र काय म्हणतं?"

"बारा पस्तीसला पूर्ण तृप्ती."

"कशाने, हवेने? मला नीट सांगा एकदा. मी लेकरांचा डॉक्टर आहे, तारा जोडणारा नाही."

उल्काने आपला डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. इरफान सवयीने त्यातला पराठा मोडू लागले.

"पोट भरलं ही बातमी एका लांब मज्जातंतूवरून मेंदूला पोचते," ती म्हणाली. "या मुलांमध्ये ती बातमी उशिरा येते, म्हणून ती खात राहतात. आपण दुसऱ्या माणसाची बातमी नोंदवली. एकवीस दिवस, तिन्ही त्रिकाळ. पोट भरलं की लहरदात्याने बटण दाबायचं. त्या क्षणाची लहर आपण उचलतो आणि मुलाच्या मानेत बसवलेल्या चिमुकल्या यंत्रात, तृप्तिरोपात घालतो. लहर ज्या प्रसंगी उठायची, तो प्रसंगही तिच्यासोबत येतो. तीन-चार महिन्यांत मुलाचा मज्जातंतू ते शिकतो. मग रोप काढून टाकायचं. जन्मभर गोळी नको, सुई नको."

"आणि हिला आईची दिली."

"क्रमांक सदतीस. शशिकलाबाई. इतकी स्वच्छ लहर दुसऱ्या कोणाची नव्हती."

"आणि बापांच्या लहरींचं काय झालं?"

"त्या आग्रह झाल्याशिवाय उठतच नव्हत्या. 'अजून एक घ्या' तीनदा म्हणावं लागायचं."

इरफान हसले. हसताना त्यांचा हात पराठ्यावर थांबला. "आणि बाईंची कधी उठते?"

उल्काने जुनी नोंद उघडली. बटणाच्या वेळा एका रकान्यात होत्या, पहिल्या घासाच्या दुसऱ्या रकान्यात. हे दोन रकाने शेजारी ठेवून कोणी पाहिले नव्हते. लहर स्वच्छ होती, तेवढं पुरलं होतं.

*

दुपार कलल्यावर शशिकलाबाईंच्या मानेवर पुन्हा मापकपट्टी लावली, एक गौरांगीच्याही. गौरांगी उठून बसली होती. टेबलावर आहारतज्ज्ञाने मोजून दिलेलं एक ताट ठेवलं: ज्वारीची भाकरी, मेथी, मुगाची उसळ, काकडी. पडद्यावर दोन रेघा. वरची आईची, खालची लेकीची.

"जेव बाळा," शशिकलाबाई म्हणाल्या आणि ताट लेकीपुढे सारलं. वरची रेघ उंच उठली.

"तू जेवलीस का?"

"माझं काय एवढं. जेवते की मागनं."

"मग आधी तू." गौरांगीने ताट आईकडे फिरवलं. खालची रेघ उठली. तिचा चेहरा सैल झाला, भरपेट जेवणानंतर होतो तसा.

"अगं, आजारी तू आहेस का मी?"

"पोट भरलंय गं माझं."

"माझंबी भरलंय."

दोघी खरं बोलत होत्या. यंत्र तेच सांगत होतं.

ताट चार वेळा इकडून तिकडे गेलं. पाचव्यांदा काकडीची एक चकती खाली पडली. ती शशिकलाबाईंनी उचलून, पुसून खाल्ली. त्या वेळी वरची रेघ हललीही नाही.

"मॅडम," शशिकलाबाई वळल्या, "तुम्ही तरी सांगा हिला. आणि तुम्हीबी दोन घास घ्या की, तोंड उतरलंय तुमचं."

"नको," उल्का म्हणाली. "पोट भरलंय."

इरफानांनी मान वर केली. टेबलाच्या कडेला उल्काचा डबा होता, त्यांनी संपवलेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बंद करा ते रोप," ते म्हणाले. "साखर पुन्हा तीनशेवर जाईल, किडनी, डोळे, सगळं पुन्हा सुरू होईल. होऊ दे. मी सुया टोचत बसेन तिला. पण आधी हिला भूक लागू दे."

उल्काने तृप्तिरोप बंद केलं. पडद्यावरचा हिरवा ठिपका विझला. गौरांगीला काही कळलं नाही.

"गौरांगी," उल्का म्हणाली, "आता एक घास खा बरं."

गौरांगीने भाकरी मोडली, मेथीत बुडवली आणि घास हातात धरून खोलीभर पाहिलं. आई. डॉक्टर. मॅडम. तिने तो घास उल्कापुढे धरला.

"आधी तुम्ही."

खालची रेघ उठली. पहिल्याइतकीच उंच, पहिल्याइतकीच स्वच्छ.

"बंद केलंत ना?" इरफानांनी विचारलं.

"केलं."

"मग हे?"

"चार महिने झाले," उल्का म्हणाली. "शिकली ती."

*

लहर नोंदवायच्या पहिल्या दिवशी शशिकलाबाईंनी विचारलं होतं, "पोट भरलं म्हणजे नेमकं कधी दाबायचं, मॅडम?" उल्काने सांगितलं होतं, "तुमचं तुम्हाला कळेलच."