चौदा रात्रींचा मुक्काम

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी, सकाळी नऊला पाच कमी असताना, लायल टॉलेफसन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला. डावीकडे अमेरिकेच्या पश्चिमेचा नकाशा, उजवीकडे कॉफी. राष्ट्रीय उद्यानांतल्या मुक्कामाच्या जागा सहा महिने आधी, नवाच्या ठोक्याला खुल्या होतात आणि दोन मिनिटांत संपतात. आयोवातले निम्मे निवृत्त लोक त्या वेळी असेच बोट सरसावून बसलेले असतात. लायलची ही दहावी खेप होती. दर जानेवारीत तो जागा पकडायचा आणि दर मे महिन्यात सोडून द्यायचा. एकदा गुडघा, एकदा घराचं छप्पर, एकदा डिझेलचा भाव, दोनदा तर नुसताच कंटाळा. त्याला घर सोडायचं नव्हतं, पण जाण्याचे बेत मात्र मनापासून आवडायचे.

त्याची बायको आर्डिस सिंकपाशी उभी होती. खिडकीतून शेडजवळची आरव्ही दिसत होती. बिछाना, शेगडी, न्हाणी, सगळं चाकांवर. पण दहा वर्षांत ती बाजारापर्यंतसुद्धा गेली नव्हती. थंडीत पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून आर्डिस दर ऑक्टोबरात तिच्या नळांत गुलाबी औषध भरायची आणि दर वसंतात आशेनं धुऊन काढायची.

"या वर्षी चालढकल चालायची नाही हं, लायल. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं गं बाई. म्हणून तर बसलोय ना आंघोळ न करता?"

तिच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध डाग पडला होता आणि तो वाढत होता. पुढच्या हिवाळ्यापर्यंत समोरचं सगळं जाणार, कडेचं तेवढं दिसत राहणार. चौथीच्या मुलांना तिनं सव्वीस वर्षं भूगोल शिकवला होता. डोंगर तिनं फक्त फळ्यावर काढले होते.

नऊ वाजले. लायलनं बटण दाबलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. रेड लेज, युटा. या नावावर या वर्षीच्या चौदा रात्री वापरून झाल्या आहेत.

एका ठिकाणी वर्षाला चौदाच रात्री राहता येतं, हे खरं. पण वर्ष सुरू होऊन पाच दिवसही झाले नव्हते.

"यांचं यंत्र माझ्याहून म्हातारं दिसतंय," लायल म्हणाला आणि त्यानं शेजारच्या तळावर जागा पकडली.

मार्चमध्ये एक पार्सल आलं. रेड लेजचा तळ सांभाळणाऱ्या वांडा नावाच्या बाईनं ते पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी आणि फोन नंबर. 'एकेचाळीस नंबरच्या जागेवर तुमच्या मिसेसचा स्वेटर राहिला होता.'

आत हिरवा स्वेटर होता. मनगटाशी निळ्या लोकरीनं रफू केलेलं. हिरवी लोकर संपली म्हणून आर्डिसनंच निळी वापरली होती. ती कपाटाशी गेली. तिचा हिरवा स्वेटर जागच्या जागी टांगलेला होता. तिनं दोन्ही स्वेटर पलंगावर शेजारी शेजारी पसरले आणि रफूचे टाके मोजले. टाक्याला टाका जुळत होता. पार्सलमधल्या स्वेटरचे खांदे तेवढे उन्हानं विटले होते.

"एकाच दुकानातले असतील," लायल म्हणाला.

"रफूही दुकानातूनच आलं का?"

त्यानं नकाशात डोकं घातलं.

आर्डिस बूट चढवून शेडकडे गेली. आरव्हीच्या चाकांभोवती गुडघाभर बर्फ होतं, त्यावर चाकाचा एकही माग नव्हता. आत, चालकाशेजारच्या आसनाखाली, बारीक तांबडी माती पडली होती. तिनं नळ उघडला. गुलाबी औषधाचा टिपूस नाही. स्वच्छ पाणी आलं आणि ते कोमट होतं. तिनं त्यात हात धुतले.

ती घाबरली नाही. तिला हेवा वाटला.

मे महिन्यात लायलनं जागा सोडून दिल्या. तिला न विचारता, सकाळी कॉफी पिता पिता.

"टायर जुने झालेत, आर्डी. वाटेत फुटले म्हणजे? पुढच्या वर्षी नवे घालू आणि मग निवांत जाऊ."

"पुढच्या वर्षी मला दिसणार नाही, लायल."

"मी आहे ना! मी सांगेन की तुला. इथे डोंगर आहे, इथे दरी आहे. फोड करून सांगेन."

हे तो मायेनं म्हणत होता. तेच तिला सहन झालं नाही. चव्वेचाळीस वर्षं या माणसाच्या 'पुढच्या वर्षी'ला आपण मान डोलावत आलो, याची तिला शिसारी आली. तिनं चिठ्ठी काढली आणि भिंतीवरच्या फोनवरून नंबर लावला. लायलला कमी ऐकू येतं म्हणून त्या फोनचा आवाज नेहमीच मोठा असे.

"मी आर्डिस टॉलेफसन बोलतेय."

"अगं बाई!" वांडा हसली. "हाक मारायची की! फोन कशाला? आत्ता तर कड्यावर बसला होतात."

"कड्यावर?"

"जानेवारीपासून बसताय तिथे. तुमचे मिस्टर गाडी घेऊन निघून गेले, तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत. स्वेटरही नको म्हणालात, म्हणून तर तो घरी पाठवला. थांबा हं…" पडदा सरकवल्याचा आवाज आला. "तुम्ही तर अजून तिथेच बसलाय."



"तिला दिसतं का?" आर्डिसनं विचारलं.

"दिसतं म्हणजे? तीन मैलांवरचा ससाणा दाखवते सगळ्यांना."

"तिला बोलवा."

फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला. खडीवरून पावलं लांब गेली. मग नुसता वारा.

पावलं परत आली. वांडाचा आवाज बारीक झाला होता.

"नाही येत म्हणते. म्हणाली, तिला सांगा, मी बघून घेतलं."

आर्डिसनं टेबलाकडे पाहिलं. लायलची टोपी दिसली, खांदे दिसले, नकाशाच्या कडा दिसल्या. मध्ये राखाडी होतं. तिनं डोळे मिटले, उघडले. राखाडीच.

बाहेर अजून मेचं ऊन होतं.

फोनमधून, वाऱ्याच्या पलीकडून, एक बाई खळखळून हसली. ते हसू आर्डिसनं लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं, पण ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

लायलनंही मान वर केली.

"कोण गं ती बाई?" तो कौतुकानं म्हणाला. "काय मोकळं हसते!"