तिसऱ्यांदा न मारलेली हाक

वाचून हसलात तरी चालेल. पण मी त्या खोलीत होतो. हे माझ्या कानांनी ऐकलंय, आणि यात पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

मी केदार. अमेरिकेत, हर्नडनला आयटीत आहे. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. गुरुवार, दुपारचे अडीच. रात्र नव्हती, अंधार नव्हता. बाहेर बर्फ पडत होता, एवढंच.

माझी चुलत बहीण रुही इथेच जन्मली. चर्चच्या जुन्या कायद्यावर पीएचडी करते. लहानपणापासून तिला फार कमी ऐकू येतं, दोन्ही कानांत मशीन असतं. त्या दिवशी तिची गाडी बंद पडली, म्हणून मी तिला घ्यायला मेरीलंडमधल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत गेलो. तिथे पाद्री शिकतात.

"दादा, प्लीज, फक्त वीस मिनिटं. लास्ट चॅप्टर आहे," ती म्हणाली आणि मशीनं काढून टेबलावर ठेवली. वाचताना तिला शांतता लागते.

समोर एक जाडजूड हस्तलिखित. बिशप ऑडेमारचं चरित्र. सहा महिने तिच्या तोंडी हेच नाव होतं. आठशे वर्षांपूर्वीचा माणूस. चांभाराचा मुलगा. इटलीत बोलोन्याला जाऊन कायदा शिकला, मग शिकवला, चर्चच्या शिक्षांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि बिशप झाला.

लायब्ररियन बाई गाडीवरचा बर्फ काढायला खाली गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच.

हीटरची घरघर चालू होती.

घरघर थांबली...

आणि मागच्या कपाटांमधून कोणीतरी हाक मारली.

"अडेलीना..."

पुरुषाचा आवाज. म्हातारा. दमलेला.

मी उठून पाहिलं. कपाटं, भिंत, बंद खिडकी. तिकडे दार नव्हतंच.

रुहीनं मान वर केली नाही. तिला काही ऐकूच आलं नव्हतं.

मी परत येऊन बसलो. आणि...

"अडेलीना..."

या वेळी थेट तिच्या खुर्चीमागून.

मी तिचा खांदा गदागदा हलवला. तिनं घाईनं एक मशीन कानात घातलं. "काय झालं?"

"इथे अडेलीना कोण आहे?"

तिचा चेहरा उतरला. "हे नाव तुला कसं माहीत? मी आत्ता वाचलं. याच पानावर."

"कोण होती ती?"

"एक विधवा. शेजाऱ्यांनी तिच्यावर केस केली होती. रूल असा, की कोर्टात तीनदा नाव पुकारायचं. ती दाराबाहेरच उभी होती, पण आत आली नाही. मग बिशपनं तिला चर्चमधून काढून टाकलं. कोणी तिच्याशी बोलायचं नाही, तिला जेवायला द्यायचं नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली."

"पण आत का नाही आली?"

रुहीनं माझ्याकडे पाहिलं. "शी वॉज डेफ, दादा."

हीटर अजून बंदच होता.

"त्याला हे नंतर कळलं. त्यानं बिशपपद सोडलं. मरेपर्यंत रोज रिकाम्या कोर्टात जाऊन तिचं नाव पुकारायचा. दोनदाच. तिसऱ्यांदा पुकारलं की केस संपते, शिक्षा लागते ना." ती थांबली. "तू किती वेळा ऐकलंस?"

"दोनदा. चल, निघू इथून."

ती उठली नाही. कपाटांकडे वळून तिनं लॅटिनमध्ये एकच शब्द म्हटला.

"आदसुम."

"म्हणजे काय?"

"मी हजर आहे."

काही झालं नाही. मग...

समोरची रिकामी खुर्ची करकरली. कोणीतरी सावकाश टेकावं, तशी.

कोट हातातच घेऊन आम्ही बाहेर पळालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "दादा, मशीन काढलं की मला आवाज येतो. तो विचारतो, मला माफ करशील का?"

"मग हो म्हण ना! संपवून टाक."

"मी कशी म्हणू? उपाशी ती मेली. मी कोण माफ करणारी?"

काकूंना आम्ही काही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, कमी ऐकू येणाऱ्यांना असे भास होऊ शकतात. बरं, तिला भास होत असतील. मला का झाला?

तेव्हापासून रुही झोपतानाही मशीन काढत नाही.

काल रात्री मात्र मशीनचं चार्जिंग संपलं. आत्ता थोड्या वेळापूर्वी तिचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. मला तेच आवडलं नाही.

"दादा, काल तो नव्हता. बाईचा आवाज होता. खूप लांबून..."

"काय म्हणाली?"

"ती विचारतेय, मला कोणी हाक मारली का?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"सांगू का तिला, की तीनदा मारली होती, दादा?"

ती अजून फोनवर आहे. मी काय सांगू?